आमच्या घरात दगड नव्हता

आमच्या घरात दगड नव्हता. म्हणजे घरामागच्या परड्यात होता, गोठ्याच्या उंबऱ्याला होता, धुण्याला होता, चुलीला तर होतेच; पण आईच्या तोंडात नव्हता. कारण माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव दगडू. आजीची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून नंतरच्या दोघांना यमानं वळूनसुद्धा बघू नये अशी नावं ठेवली. थोरल्याचं धोंडिबा, धाकट्याचं दगडू. यम फसला, पण सुना अडकल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं घ्यायचं नाही, थोरल्या दिराचं घ्यायचं नाही, आणि त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दही उच्चारायचा नाही. माझी काकू, थोरल्या काकांची बायको, निदान 'दगड' तरी म्हणू शकायची, कारण धाकट्या दिराच्या नावाचा विटाळ नसतो. आईला दोन्ही बंद. मग भात वाढताना ती आबांना म्हणायची, "जपून खावा हं, आज भातात तुम्ही हायसा." आणि मी अनवाणी परड्यात निघाले की मागून ओरडायची, "वाटंत भावजी पडल्यात, ठेच लागंल!" आम्हा पोरांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. भातात आबा आणि वाटेत थोरले काका, हे आमच्या घरचं रोजचंच.

त्यात आजोबांचं नाव गुळबा. कोल्हापुरात राहायचं आणि गूळ म्हणायचं नाही, म्हणजे पंचगंगेत उभं राहून पाणी म्हणायचं नाही. आजोबा मी कळती व्हायच्या आत गेले, पण नावाचा धाक मागं ठेवून गेले. आमच्याकडे गूळ म्हणजे 'गोड' आणि गुऱ्हाळ म्हणजे 'रसाचं घर'. कोपऱ्यावरच्या वाण्याला हे ठाऊक होतं. तो तीर्थयात्रेला गेला आणि त्याचा मेहुणा दुकानात बसला, तेव्हा आईनं मला 'गोड' आणायला पाठवलं, आणि त्यानं खडीसाखर बांधून दिली. ती मी वाटेतच निम्मी संपवली. घरी आल्यावर काकू म्हणाली, "पोरी, तुला बोलायला बंदी हाय व्हय? तू तर म्हणायचं!" मी म्हणाले, "आईनं गोड म्हटलं, मी गोड म्हटलं. आईपरीस मी शाणी हाय व्हय?" खरं तर मला स्वतःबद्दल तसंच वाटत होतं, आणि त्या वयात त्याला पुरावा लागत नाही.

आबांच्या म्हशी होत्या. पहाटे त्या घेऊन ते तालमीजवळच्या कट्ट्यावर जायचे, आणि पैलवान लोक रांगेनं बसून आपल्या डोळ्यांदेखत पिळलेलं दूध फेसासकट प्यायचे. महाराजांना कुस्तीचा शौक, म्हणून गावाला कुस्तीचा शौक, म्हणून आमच्या म्हशींना मान. आमचं घर म्हणजे शेणाचा, पेंडीचा आणि तापल्या दुधाचा वास, गोठ्यात साखळ्यांची खुळखुळ, आणि भाकरी थापल्याचा आवाज. आई भाकरी थापायची तो आवाज एका लयीत असायचा. काकूचा आवाज रागाप्रमाणे बदलायचा. परातीवरून आम्हाला कळायचं की आज काकांशी भांडण झालेलं आहे की नाही. सकाळी तव्यावरची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, बाजूला मिरचीचा खर्डा. आज माझी नातसून ज्वारी महाग झाली म्हणून पोळ्या करते आणि मला त्या 'हलक्या' म्हणून वाढते. खाते मी. पण हलकं खाऊन माणूस भांडायचा कसा?

महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळा होत्या, आणि आमच्या जातीच्या पोरींनी तिथं जाऊन बसावं असं खुद्द महाराजांनाच वाटत होतं. त्यामुळं आबांना फार विरोध करता येत नव्हता. ते म्हणायचे, "राजाच म्हणतोय तर जा. पर ल्हेयला-वाचायला आलं की बास." शाळेत आम्हाला शिकवायला एक बाई होत्या. पुण्याकडच्या, विधवा, हातात कायम छत्री, पायांत पुरुषी जोडा. त्यांचं पहिलं भांडण आमच्या बोलण्याशी होतं. आमच्याकडे पोरीसुद्धा 'मी जातो, मी खातो' म्हणतात. बाई म्हणायच्या, "हौसा, 'जातो' नव्हे, 'जाते'." मी म्हणायचे, "व्हय बाई, जातो." हा खेळ बरेच दिवस चालला. शेवटी वर्गात मी 'जाते' आणि घरी 'जातो' अशी दुहेरी झाले. लिहिताना अजूनही 'जाते' लिहिते, पण राग आला की 'जातो' येतं.

त्याच बाईंनी आम्हाला अलंकार शिकवायला घेतले. पुस्तकातली उदाहरणं सगळी चंद्र, कमळ आणि हंस यांच्यावर. मुख चंद्रासारखं, डोळे कमळासारखे, चाल हंसासारखी. आम्ही पोरी एकमेकींकडे बघायला लागलो. हंस कुणी पाहिलेला नव्हता. चंद्रासारखं तोंड असलेली आमच्या पेठेत एकच बाई होती, आणि तिला लहानपणी देवी आल्या होत्या. मी हात वर करून तसं सांगितलं. बाईंनी छत्री टेबलावर आपटली, मग जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "बरं. चंद्र राहू दे. तुमच्या घरी काय आहे?"

"म्हस," मी म्हणाले.

"मग म्हशीवर कर."

त्या दुपारी मी आणि बाईंनी मिळून आमच्या थोरल्या म्हशीवर सगळं अलंकारशास्त्र घासून काढलं. म्हैस डोंगरासारखी आहे, ही उपमा. 'सारखी' शब्द दिसला की पकडायचं. म्हैस म्हणजे डोंगरच, दोघांत फरकच ठेवला नाही, हे रूपक. म्हैस उठली, जणू डोंगरच उभा राहिला, ही उत्प्रेक्षा; 'जणू' ऐकलं की समजायचं, बोलणाऱ्याला खरं ठाऊक आहे, पण कल्पनेनं तो खेळतोय. ही म्हैस नव्हेच, हा डोंगर आहे, असं खऱ्यालाच नाकारलं की अपन्हुती. म्हैस उठली आणि निम्म्या कोल्हापुरावर सावली पडली, ही अतिशयोक्ती. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि वरून स्तुती पण आतून निंदा, ती व्याजस्तुती. ती जमेल?" आमच्याकडे एक भाकड म्हैस होती, दावणीला बसून नुसती पेंड खायची. मी म्हणाले, "आमची भुरी लई गुणाची. धार काढायचा तरास म्हणून कुणाला देत न्हाय." बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मला वाटलं, झालं, आता आपण पंडित.

त्या दिवसापासून घरच्यांचं जिणं हराम झालं. कुणी तोंड उघडलं की मी झडप घालायची. काकू काकांवर ओरडली, "शंभरदा सांगितलं तुमास्नी!" की मी दारातून, "अतिशयोक्ती!" आबा म्हणाले, "ह्यो पाऊस न्हवं, वैरी हाय," की मी, "अपन्हुती!" काकू एकदा मला म्हणाली, "काय शहाणी गं माझी बाय, दूध उतू गेल्यावर झाकण ठेवलंस." मी आनंदानं उडीच मारली, "काकू, व्याजस्तुती!" तिनं उलथनं फेकून मारलं. ते लागलं. त्याला कुठला अलंकार म्हणतात हे मी बाईंना विचारलं नाही. आज मागं वळून त्या पोरीकडे बघते तेव्हा काकूचा नेम आणखी चांगला असायला हवा होता असं वाटतं. अंडं घातलेल्या कोंबडीसारखी मी घरभर ओरडत फिरायची, आणि अंडी सगळी दुसऱ्यांची.

पुढं पर्यायोक्ती आली. बाईंनी सांगितलं, सांगायचं ते सरळ न सांगता आडवळणानं सांगणं. त्यांनी पुस्तकातलं उदाहरण वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी उभी राहिले. "बाई, ही आमच्या घरी हाय! आमची आई रोज बोलती!" आणि मी भातातले आबा आणि वाटेतले काका वर्गात मांडले. पोरी खिदळायला लागल्या, कारण प्रत्येकीच्या घरी असंच काहीतरी होतं. एकीच्या आईला 'हळद' म्हणता येत नव्हतं, एकीच्या आईला 'सोमवार'. बाई मात्र या वेळी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हौसा, अलंकार माणूस हौसेनं घालतो. तुझ्या आईला हा घालणं भाग आहे. दोन्हींत फरक आहे, तो लक्षात ठेव." मी मान हलवली. कळलं काही नव्हतं. माझं लक्ष, आपलं उदाहरण बाईंनी वाखाणलं की नाही, एवढ्यावरच.

ते माझं शाळेतलं शेवटचं वर्ष. परीक्षा चांगली गेली तर बाई मला मास्तरणी तयार करायच्या वर्गात घालणार होत्या. "तू शिकवशील," असं त्या एकदा जाता जाता म्हणाल्या होत्या, आणि ते दोन शब्द मी जिभेखाली खडीसाखर धरावी तसे धरून हिंडत होते. घरी सांगितलं नव्हतं. आणि परीक्षा तोंडावर आली असतानाच आबा एका संध्याकाळी आईला म्हणाले, "कुरुंदवाडचं पावणं येनार हायती ऐतवारी. घर चांगलं, उसाचा मळा, घरचं गुऱ्हाळ, नदीकाठची जमीन. हौसाला बघून जातील. पसंत पडली की तितंच सुपारी फोडू." सुपारी फुटली की लग्न ठरलं, आणि लग्न ठरलेली पोर आमच्या पेठेत शाळेची पायरी चढत नसे. मी गोठ्याच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. आई परातीतल्या पिठावर हात ठेवून बसली.

दुसरी एखादी पोर रडली असती, जेवण सोडलं असतं. मी पंडित! मी ठरवलं, पावण्यांना अलंकारांनी परत पाठवायचं. भांडायचं नाही, नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हणणाऱ्या पोरीला मार बसतो. व्याजस्तुती करायची. वरून असं गोड बोलायचं की आबांना बोट ठेवायला जागा राहू नये, आणि आतून असं झोंबवायचं की पावण्यांनी चपला शोधाव्यात. आडावर पाणी ओढता ओढता मी ते भाषण पाठ केलं. बादली वर आली तरी मी दोर सोडायला विसरायची, आणि मागच्या बायका म्हणायच्या, "काय गं, आडाला मंत्र घालतीस व्हय?"

रविवार उजाडला. पुरणाचा वास घरभर, कटाच्या आमटीला काकूचा हात, अंगणात ताजा सडा. पावणे तिघं आले. म्होरक्या होता मुलाचा बाप, उंच, पिकल्या मिशांचा, पटका सैल बांधलेला. बाकी दोघं त्यांचे भाऊबंद, नुसते मान हलवायला. मुलाच्या बापाला सगळे मामा म्हणत होते. आबांनी नावही सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलंही नाही. आईनं काकूला हळूच सांगितलं, "आक्का, पावण्यांस्नी गोड-पानी." गूळ-पाणी झालं. आई आतल्या दाराआड उभी राहिली, आणि मला पाटावर बसवलं.

"बाळ, नाव काय तुजं?" मामांनी विचारलं. आवाज मऊ होता. मला तो मऊपणा आवडला नाही. माझ्या भाषणाला जरा खडबडीत माणूस हवा होता.

"हौसा."

"पुस्तक वाचती म्हनं?"

"वाचती," आबा घाईनं म्हणाले, "पर आता बंदच करायचं हाय."

हीच वेळ होती. मी मान वर केली आणि बाईंच्या भाषेत सुरू केलं. "मामा, धन्य तुमची दया! वाचून वाचून आम्हा मुलींच्या डोळ्यांना केवढा त्रास होतो. तो वाचवायला तुम्ही कुरुंदवाडहून इतकी धूळ खात आलात. तुमच्यासारखे उपकारकर्ते गावोगावी निघाले, तर आमच्या बाईंनाही घरी बसून निवांत वाती वळता येतील!"

बोलून मी थांबले. आता मामांचा चेहरा काळा पडणार, पटका सावरत ते उठणार. मामांनी भावाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "ऐकलंस का?" ते म्हणाले. "येवढी शिकलेली पोर, पर काय समज! आमचं उपकार मानती. दगडू, पोरगीला वळन हाय."

दोन्ही भाऊबंदांनी मान हलवली. आबा मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, मी भिंतीवर बाण मारला आणि भिंतीनं त्यावर धोतर वाळत घातलं.

आता मला सांगा, शहाण्या माणसानं इथं थांबावं की नाही? मी दुसरा अलंकार काढला. मामांनी विचारलं, "सोभाव कसा हाय, तापट का थंड?" मी म्हणाले, "मी रागावले की घराची कौलं उडतात. हसले तर म्हशी दावं तोडून पळतात. आणि झोपले की महाराजांच्या हत्तीनं सोंडेनं उचललं तरी जाग येत नाही." अतिशयोक्ती, ठसठशीत. मामा खो खो हसत सुटले. पाटावरचा पानाचा डबा हलला. "असली पायजे! आमची थोरली सून दिसभर तोंड उघडत न्हाय, घर कसं मसनवट्यागत वाटतंय. दगडू, आना सुपारी!"

त्या फजितीला उपमा नाही. मी शिकलेलं सगळं शास्त्र मला घेऊन कुरुंदवाडला निघालं होतं. बाईंनी एक गोष्ट सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल आणि मी हात वर करण्यात गुंतले असेन: आडवं बोलणं आडवंच ऐकणारा कान समोर लागतो. माणूस सरळ मनाचा असला की व्याजस्तुतीतला व्याज, म्हणजे बहाणा, गळून जातो आणि नुसती स्तुती उरते. मामा सरळ मनाचे होते. माझं नशीब फुटकं.

काकू सुपारी आणि अडकित्ता घेऊन आली. ताटात नारळ, हळदकुंकू. मामांनी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "आनि भाकरी कसली जमती तुला?"

"शाळूची," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हिवाळ्यातली ज्वारी, आमच्या भागात सगळे तीच खातात आणि हेच नाव घेतात.

तिघंही चमकले. एक भाऊबंद खाकरला. मामा मात्र समजुतीनं हसले. "असू दे, असू दे. पोरीला काय ठावं. बाळ, माजं नाव शाळगराम. तवा आमच्यात बायका शाळू म्हनत न्हाईत. 'पांढरी' म्हनायचं. हुईल सवय."

"आणि..." मी विचारलं. "आणि आम्ही शिकायला जातो ते?"

"त्येबी न्हाई म्हनायचं. आमची थोरली सून म्हनती, पोरं 'तिकडं' गेल्यात."

तिकडं! मी आतल्या दाराकडे बघितलं. आई चौकटीला धरून उभी होती. भातात तुम्ही हायसा, वाटंत भावजी पडल्यात. इतकी वर्षं मी जी गंमत वर्गात सांगून वाहवा घेतली, ती गंमत आता माझ्याकडे निघाली होती. शाळा तर जाणारच होती. शाळा म्हणायचंही जाणार होतं. म्हातारी झाल्यावर नातवंडांना सांगायचं असतं तर काय सांगितलं असतं मी? की लहानपणी मी 'तिकडं' जात होते? बाई जे बोलल्या होत्या, हौसेनं घालणं आणि घालावं लागणं, ते मला त्या पाटावर कळलं.

मी पाटावरून उठले. पोरीनं पावण्यांपुढून आपण होऊन उठायचं नसतं. "मामा," मी म्हणाले, आणि बाईंची भाषा कुठच्या कुठं गेली, "अजून मी तुमची सून न्हाय. तवर म्हणून घेतो. शाळा." आबांचा हात अडकित्त्यावर थांबला. "शाळा!" मी जोरात म्हणाले. गोठ्यात साखळी वाजली. "शाळा! मला जायाचं हाय. परीक्षा द्यायची हाय. मला लगीन न्हाय करायचं."

"हौसे!" आबा गरजले. थोरले काका ओसरीवरून आत आले. मामांचा चेहरा आता खरोखर काळा पडला होता. "दगडू," ते हळू म्हणाले, "माज्या तोंडावर पोरगीनं तीनदा माजं नाव घेतलं."

"न्हाय घेतलं," मी म्हणाले, "मी शाळंचं घेतलं. तुमच्या नावात ती येऊन बसली त्याला मी काय करू?"

आबांनी हात उगारला. तो माझ्या गालावर बसलाच असता, पण दाराआडून आईचा आवाज आला. पावण्यांसमोर ती कधी बोलत नसे. बोलली ती डोक्यावरचा पदर न हलवता, जमिनीकडे बघत, पण शब्द एकेक सुटा. "पावणं, तुमी उसाचं मालक, तुमास्नी मी काय सांगू. रस चुलवाणावर हाय. अजून मळी वर येती, उकळी धरती, उडती, भाजती. आत्ताच काहील उतरून नेली तर ढेप बसायची न्हाय. नुसती पातळ काकवी हुईल. घरला नेऊन तुमास्नीबी पस्ताव, आन् रसाचाबी नास."

आईनं गूळ म्हटलं नव्हतं, गुऱ्हाळ म्हटलं नव्हतं, माझं नाव घेतलं नव्हतं, आणि 'नाही' हा शब्द तर सबंध बोलण्यात पावण्यांना उद्देशून एकदाही नव्हता. पण जन्मभर काहिलीजवळ, रस आटवायच्या त्या मोठ्या कढईजवळ, उभ्या राहिलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. व्याजस्तुती ज्यांच्या डोक्यावरून गेली ते मामा आईचं बोलणं ऐकून मिशीवर हात ठेवून बसले. मग त्यांनी ताटातली सुपारी उचलून परत ताटात ठेवली, तशीच, सबंध.

"वैनी," ते उठत म्हणाले, "कच्चा रस न्यायला आमी काय येडं न्हाय. आन् तुमचा रस लई तापलाय. हात पोळंल." दाराशी चपला घालताना ते माझ्याकडे वळले. मला वाटलं शिवी येणार. ते म्हणाले, "तुज्या त्या बाईला सांग, वाती वळायला बसू नगो." म्हणजे निदान निम्मी व्याजस्तुती पोचली होती, उशिरानं का होईना. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. पुढचे दोन दिवस आम्ही त्याच खाल्ल्या.

माझ्या नातीला राजारामपुरीत शिकवणी आहे. परवा ती घोकत होती, 'एका गोष्टीवर बोलून दुसऱ्याला सुनावणे म्हणजे अन्योक्ती, दहा वेळा लिहा.' मी म्हटलं, "लिहून काय होतंय? उगारलेला हात खाली आणून दाखव." ती म्हणाली, "आजी, परीक्षेत हात येत नाही." बरोबर आहे. तिच्या परीक्षेत येत नाही.

तर दोन दिवसांनंतरची सकाळ. मी पाटी-दप्तर घेऊन निघाले. आबा कट्ट्यावरून परतून दारातच दुधाची चरवी घासत बसले होते, वाट अडवून. त्यांनी वर बघितलं नाही.

"कुठं?"

उत्तरं पुष्कळ होती. आडवळणाची, गोडीची, घाबरलेली. "शाळंला," मी म्हणाले.

आबा चरवी घासत राहिले. मग पाय जवळ घेतले. एक माणूस जाईल एवढी वाट झाली. "जा," ते म्हणाले. "आन् पुन्यांदा पावण्यांम्होरं तोंड उघडायचं झालं तर आदी मला सांग. मी म्हशी घिऊन रानात जातो."

बाईंना मी सगळं सांगितलं, मामांच्या मिशांपासून काहिलीपर्यंत. त्या छत्री मांडीवर आडवी घेऊन ऐकत होत्या. आईचं बोलणं त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग मास्तरीण त्यांच्यात परत आली. "तुझ्या आईचं निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "तुझं मात्र बघ. तोच शब्द तीनदा. शास्त्रात त्याला पुनरुक्ती म्हणतात, हौसा, आणि तो दोष आहे."

मी म्हणाले, "असू दे, बाई. दोष राहू दे."